सॅरनॅक लेकचे ‘कझिन’ : क्षयारोग्यधामातील एका रूढीचा इतिहास

क्षयरोगावर नेमके औषध नव्हते त्या काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९५० च्या आसपासपर्यंत, युरोप आणि अमेरिकेत जी क्षयारोग्यधामे उभी राहिली, त्यांचा इतिहास बहुधा डॉक्टरांच्या बाजूने लिहिला गेला आहे. मोकळी हवा, सकस आहार आणि विश्रांती यांचे प्रमाण कोणी ठरवले, शस्त्रक्रिया केव्हा आल्या, जंतूंविषयीचे ज्ञान कसे वाढले, हे त्यात सविस्तर सापडते. पण या धामांत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे राहणारे रुग्ण मोठ्या संख्येने ऐन तारुण्यातले होते, या वस्तुस्थितीचा अर्थ मात्र क्वचितच उलगडला जातो. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडील ॲडिरॉन्डॅक पर्वतात वसलेल्या सॅरनॅक लेक या गावात रुग्णांनी रुजवलेली ‘कझिन’ ही रूढी या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

या गावाची ख्याती एडवर्ड लिव्हिंग्स्टन ट्रूडो या डॉक्टरामुळे झाली, आणि तो स्वतःच रुग्ण होता. १८६५ साली त्याने क्षयाने आजारी असलेल्या थोरल्या भावाची त्याच्या मृत्यूपर्यंत शुश्रूषा केली होती. १८७३ मध्ये, पंचविशीच्या उंबरठ्यावर आणि लग्नाला दोनच वर्षे झालेली असताना, त्यालाही तोच रोग असल्याचे निदान झाले. उरलेले दिवस आवडत्या अरण्यात काढावेत, एवढ्याच हेतूने तो या डोंगरांत आला आणि अनपेक्षितपणे सुधारला. पुढे सायलेशियात हर्मान ब्रेमर याने चालवलेल्या आरोग्यधामाची हकीकत वाचनात आल्यावर त्याने सॅरनॅक लेकजवळ तसाच प्रयोग आरंभला आणि १८८० च्या दशकाच्या मध्यास ‘लिटल रेड’ नावाच्या लाकडी घरकुलात पहिल्या रुग्णांना ठेवले. त्या न्यूयॉर्क शहरातल्या दोन कामगार बहिणी होत्या. धामात प्रामुख्याने रोगाच्या आरंभीच्या अवस्थेतील रुग्ण घेतले जात. रोग बळावलेल्यांनी गावातील खाजगी घरांत खोली घ्यावी, असा परिपाठ पडला. या घरांना काचेच्या तावदानांचे प्रशस्त ओसरे जोडले गेले आणि ती ‘क्युअर कॉटेज’, म्हणजे उपचारघरे, म्हणून ओळखली जाऊ लागली.

उपचार म्हणजे मुख्यतः पडून राहणे. ऐन हिवाळ्यातही रुग्ण लोकरी पांघरुणांत गुंडाळून ओसरीवरच्या लांब खुर्चीवर तासन्‌तास आडवे असत, ताप नियमाने मोजत, आणि किती चालावे हेही डॉक्टरच ठरवून देत. भावनांचा क्षोभ ताप वाढवतो, अशी समजूत असल्यामुळे स्त्री-पुरुषांची निवासस्थाने वेगळी होती आणि जवळीक टाळावी, असा उपदेश सतत केला जाई. बाहेरच्या जगातही क्षयरुग्णांना विवाहापासून परावृत्त केले जाई. गर्भारपण क्षयी स्त्रीच्या जिवावर बेतेल, ही भीती त्यामागे होती. विशी-पंचविशीतल्या माणसाला शिक्षण, नोकरी, लग्न हे सारे बरे होईपर्यंत थांबवायचे असे सांगितले जाई, आणि तो बरा होईल याची हमी मात्र कोणालाच देता येत नसे.

या कोंडीतून रुग्णांनी जी वाट काढली, ती ‘कझिन’ या नावाने रूढ झाली. नात्यातल्या भावंडाला उद्देशून वापरला जाणारा हा शब्द येथे दोन रुग्णांच्या खास जवळिकीसाठी योजला जाई. एखादा तरुण आणि एखादी तरुणी एकमेकांना निवडत, ठरवून दिलेल्या फेरफटक्याच्या वेळा जुळवून घेत, चित्रपटाला किंवा १८९७ पासून भरू लागलेल्या हिवाळी उत्सवाला बरोबर जात, चिठ्ठ्या लिहीत आणि एकमेकांच्या तापाची, वजनाची चौकशी करत. काही जोड्यांत हे नाते निखळ मैत्रीपुरते राही, काहींत ते शरीरसंबंधापर्यंत जाई. काहींच्या घरी नवरा किंवा बायको वाट पाहत असे. व्यवस्थापनाला हे पसंत नव्हते, परंतु गावाने ही चाल एकंदरीत निमूटपणे स्वीकारली होती.

या रूढीला मरणाच्या छायेतील स्वैराचार म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. निरोगी माणसे ज्या संसर्गाच्या भीतीने क्षयरुग्णापासून दूर सरत, ती भीती दोन रुग्णांमध्ये उरत नसे. खोकला, थुंकीतले रक्त, रात्रीचा घाम यांविषयी घरच्यांपासून जे दडवावे लागे, ते येथे न सांगताही समजे. उपचारपद्धतीच्या दृष्टीने आजचा दिवस पुढच्या आयुष्याची केवळ पूर्वतयारी होता. ‘कझिन’ झालेल्या दोघांनी त्याच दिवसाला आयुष्य मानले आणि पुढचे काही आज हाती नसतानाही परस्परांची जबाबदारी घेतली, ही या रूढीतील सर्वांत मोलाची बाब होय. एकाला घरी जाण्याची परवानगी मिळाली किंवा एकाचा मृत्यू झाला की नाते तुटे, हे ठाऊक असूनही ते जोडले जाई. काहींनी पुढे लग्नेही केली आणि ते याच गावात स्थायिक झाले.

अर्थ शोधण्याची धडपड केवळ प्रेमातच दिसते असे नाही. कवयित्री ॲडेलेड क्रॅप्सी १९१३ मध्ये येथे आली, तेव्हा तिच्या खोलीच्या खिडकीखालीच दफनभूमी होती, आणि त्या मुक्कामात, पडून राहण्याच्या सक्तीविरुद्धची चीड न लपवता, तिने आपल्या थोड्या पण टिकाऊ कवितांपैकी बऱ्याच लिहिल्या. १९१४ मध्ये ती वारली. कॅनडाचा शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून १९२६ च्या अखेरीस ट्रूडोच्या धामात आला. आपल्या आजाराचे ओझे पत्नीवर पडू नये, म्हणून त्याने तिला घटस्फोट घेण्यास सुचवले, आणि घरकुलाच्या भिंतीवर आपल्या आयुष्याची चित्रमालिका रंगवून तिच्या शेवटी स्वतःचा मृत्यूही चितारला. पुढे फुफ्फुसाभोवती हवा भरून त्याला विश्रांती देण्याचा उपचार त्याने हट्टाने करवून घेतला. तो बरा झाला आणि १९२९ मध्ये त्याच पत्नीशी त्याने पुन्हा विवाह केला, जरी तोही टिकला नाही. महाराष्ट्राच्या वाचकाला हे नाव परके नाही, कारण बेथ्यून १९३९ मध्ये चीनमध्ये वारल्यानंतर त्याच्या नावाने चाललेल्या रुग्णालयाची धुरा सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी वाहिली.

१९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, १९५२ मध्ये आयसोनियाझिड वापरात आले, आणि १९५४ मध्ये ट्रूडोचे आरोग्यधाम बंद झाले. या स्थित्यंतराचा निर्णायक पुरावा पुढे भारतातूनच आला: १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या मद्रास येथील चाचणीने दाखवून दिले की, औषधे नियमित घेतल्यास दाटीवाटीच्या, गरिबीच्या घरात राहणारा रुग्णही आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच बरा होतो आणि घरच्यांना त्यापासून वेगळा असा धोका संभवत नाही. रुग्णाला घर सोडून जाण्याचे कारणच उरले नाही, आणि घरापासून तुटलेल्या तरुणांच्या ज्या वस्तीत ‘कझिन’ची रूढी वाढली, ती वस्तीही उरली नाही. धामाच्या दप्तरातून ताप, वजन आणि क्ष-किरण चित्रे यांच्या नोंदी मिळतात. ही नाती मात्र रुग्णांनी जपलेल्या पत्रांतून, छायाचित्रांतून आणि वृद्धापकाळी सांगितलेल्या आठवणींतून गोळा करावी लागतात.