बोजारा आणि पासबुक

साडेतीन आणे शेर, तर सहा शेरांचे किती? दशमान नाणी येण्यापूर्वी मराठी शाळेतल्या पोराला यासाठी पाटी लागत नसे. औटकीत सहाला एकवीस येतात हे जिभेवरच असे. त्यातून सोळा आण्यांचा एक रुपया बाजूला काढला की उरले पाच आणे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही उजळणी आज घोकंपट्टी म्हणून हसण्यावारी नेली जाते. पण रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै अशा व्यवहारात अपूर्णांक वहीत राहत नव्हते, ते दुकानाच्या फळीवर भेटत. तेव्हा मुलांना लहान वयातच पैशाचे वळण लावावे, हा विचार काही कालपरवाचा नाही. ते उपदेशाने लागते ही समजूत मात्र अलीकडची. सावनेर आणि त्याच्या आसपासच्या मुलखाचा इतिहास पाहिला, तर हे वळण लागायला हिशेब तोंडपाठ असावा लागे, ठेवायला मुलाच्या नावाची जागा असावी लागे, आणि मुख्य म्हणजे मुलाच्या हातात त्याचा स्वतःचा पैसा असावा लागे. शेवटची गोष्ट सगळ्यांत मोलाची, आणि मोठ्यांनी वेळोवेळी काढून घेतली ती नेमकी तीच.

मराठी वाचकाला सावनेर आठवते ते राम गणेश गडकऱ्यांमुळे. २३ जानेवारी १९१९ रोजी त्यांचे तिथे निधन झाले. एरवी हे कोलार नदीकाठचे, नागपूर–छिंदवाडा रस्त्यावरचे कापसाचे गाव. पुढे संत्री आली, कोळशाच्या खाणी आल्या, पण गावाला पैशाची चव लावली ती कापसाने. कापसाच्या पैशाचा स्वभावच वेगळा. नोकरदाराचा पगार दरमहा येतो आणि महिन्याचे वेळापत्रक आपोआप शिकवतो. कापूस मात्र वेचणी झाल्यावर एकदम पैसा देतो आणि पुढचे कित्येक महिने काहीच देत नाही. मधल्या काळात घर चालवायचे ते शिल्लक राहिलेल्यावर, नाहीतर सावकाराच्या वहीवर. अशा मुलखात आलेला पैसा पुरवून वापरणे हा सद्गुण वगैरे नव्हे, ती गरज होती. तिची रंगीत तालीम मुलांना वर्षातून एकदा मिळे.

ती तालीम म्हणजे तान्हा पोळा. पिठोरी अमावास्येला बैलांचा पोळा भरतो. त्यानंतर गडी सजवलेली जोडी घेऊन घरोघर जातो आणि घरधनी त्याच्या हातावर पैसे ठेवतात. त्याला बोजारा म्हणतात. दुसऱ्या दिवशी, नागपुरात मारबतीच्या मिरवणुका निघतात त्याच दिवशी, पोरे लाकडी नंदीबैल घेऊन निघतात. बैल चाकांवर उभा, गळ्यात दोरी, शिंगांना रंग, पाठीवर झूल. दारोदारी ओवाळणी होते आणि मुलाच्या मुठीत बोजारा पडतो. ही प्रथा नागपूरकर भोसल्यांनी सुरू केली असे परंपरा सांगते. ती वाढली आणि टिकली ती मात्र घराघरांतून. संध्याकाळी नाणी ओसरीवर पसरून मोजली जात. मग काही मातीच्या गल्ल्यात, काही गोळ्या-भोवऱ्यांवर. गल्ला फोडल्याशिवाय पैसा बाहेर येत नाही आणि फोडला की गल्ला राहत नाही. कुंभाराच्या या साध्या वस्तूत जेवढे अर्थशास्त्र आहे, तेवढे आजच्या रंगीत प्लास्टिकच्या, बुडाला झाकण असलेल्या पेटीत नाही.

याला कोणी म्हणेल, ही तर मुलांना हात पसरायची सवय. आक्षेप वरवर खरा वाटतो, पण मूळ प्रथा पाहिली की टिकत नाही. मोठ्या पोळ्यातला बोजारा हा वर्षभर बैलांची निगा राखणाऱ्याचा मान असे. मूल त्याचीच नक्कल करते. खेळातला का होईना, पैसा इथे कामाशी आणि जनावराच्या सांभाळाशी जोडलेला आहे. वाढदिवसाला पाकिटातून मिळणाऱ्या नोटेला असा कुठलाच संदर्भ नसतो.

हिशेब आला, हातात पैसा आला, राहिली जागा. तीही इंग्रजी अमलात आली. १ एप्रिल १८८२ पासून देशभरच्या टपाल कार्यालयांत बचत बँक सुरू झाली. चार आण्यांपासून ठेव घेतली जाई आणि व्याज शेकडा पावणेचार होते, म्हणजे पाच रुपयांवर महिन्याला बरोबर एक पैसा. औटकी म्हणणाऱ्या मुलाला हे सांगावे लागत नसे. त्याच मुलाला घरातले दुसरे गणितही दिसत असे. रुपयाला महिना पैसा हा सावकाराचा दर सौम्यच म्हणायचा, आणि तो होतो शेकडा पावणेएकोणीस. पैसा तोच; टपालात तो पाच रुपयांवर मिळतो, सावकाराला एका रुपयावर द्यावा लागतो. बचतीवरचे एखादे व्याख्यान याहून जास्त काय सांगणार? या बँकेमागच्या १८७३च्या कायद्यात तर आणखी सुंदर तरतूद आहे. अज्ञान मुलाने ठेव स्वतः ठेवली असेल तर ती त्यालाच परत देता येते; दुसऱ्याने त्याच्यासाठी ठेवली असेल तर ती पालकाकडे जाते. पैसा कोणाच्या हातून आला यावर हक्क ठरवणारा हा कायदा मुलांना आपल्या अनेक बापांपेक्षा जास्त ओळखत होता.

आता खरा आक्षेप. हे सगळे कोणाच्या मुलांसाठी? चार आणे ही शेतमजुराची दिवसभराची मजुरी, कधी त्याहून जास्तच. पासबुक होते ते दुकानदार आणि कारकुनांच्या घरी. उजळणीही बहुतेक त्याच घरांतली. मुली आणि दलित मुले शाळेच्या दाराबाहेर होती. हे मान्यच केले पाहिजे. पण या वळणाची गरज कोणाला जास्त होती, हेही तेव्हाच सांगितले गेले होते. १८७५ साली सुप्यापासून पेटलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले; त्यांत काय लिहिले आहे हे बहुतेकांना वाचता येत नव्हते. आणि १८८२ साली, टपाल बँक निघाली त्याच वर्षी, महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाचा जो आराखडा ठेवला, त्यात मोडी-बाळबोध लेखन-वाचनाबरोबर हिशेब होता आणि शेतीचे प्राथमिक ज्ञानही होते. पैशाची समज ही श्रीमंतांच्या मुलांची चैन नव्हे, हे फुल्यांना दिसत होते. सरकारने जागा उघडली, पण तिथवर येण्याची वाट शाळेने बहुसंख्यांसाठी बंदच ठेवली.

दुसरा आक्षेप गडकऱ्यांच्याच दारातून येतो. ‘एकच प्याला’मधला सुधाकर वकील आहे, त्याला हिशेब येत नव्हता असे कोण म्हणेल? तरी घर धुळीला मिळाले आणि सिंधूला दळणे दळावी लागली. म्हणजे ज्ञानाने वळण लागत नाही. बरोबर, आणि माझा मुद्दाही हाच आहे. नुसती औटकी पुरत नाही, नुसते पासबुकही पुरत नाही. दोहोंच्या मध्ये मुलाने स्वतः चार पैसे उधळून पाहिलेले असावे लागतात, आणि त्याचा पश्चात्ताप आठ वर्षांच्या वयात, आठ आण्यांच्या किमतीत झालेला परवडतो.

स्वातंत्र्यानंतर हा मधला भागच सुटत गेला. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले, हिशेब सोपा झाला. ते चांगलेच झाले. पण पावकी-निमकीबरोबर तोंडी हिशेबाचा रोजचा सरावही गेला आणि त्याच्या जागी काही आले नाही. राष्ट्रीय बचत संघटनेने शाळांत ‘संचयिका’ नेली, १५ सप्टेंबर हा तिचा दिवस ठरला. कल्पना उत्तम होती: मुलांची बँक, व्यवस्थापक आणि रोखपाल मुलेच, शिक्षक फक्त देखरेखीला. पण अल्पबचतीची उद्दिष्टे वरून खाली उतरू लागली की अशा योजनेचे काय होते, हे जुन्या शिक्षकांना विचारावे. मुलाने ठेवलेला रुपया आणि बापाने फी म्हणून पाठवलेला रुपया वहीत सारखाच दिसतो. आकडा फुगतो, मूल बाजूला राहते.

आज बोजारा नोटांत मिळतो, काही घरांत थेट आईच्या मोबाइलवर येतो आणि मुलाला त्याचा नुसता ‘टिंग’ ऐकू येतो. नियम मात्र मुलाच्याच बाजूने आहेत. रिझर्व्ह बँकेने २०१४ साली, आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये, दहा वर्षांच्या वरच्या मुलांना स्वतःचे बचत खाते स्वतः चालवू देण्याची मुभा बँकांना दिली. टपाल खात्यातही दहा वर्षांवरील मुलाला स्वतःच्या नावाने खाते उघडता येते. १८७३चा तो कायदा २०१८ साली नाव बदलून अजून लागू आहे. यंदाच्या तान्ह्या पोळ्याला बोजारा मुलालाच मोजू द्या, आणि खाते काढलेत तर त्यावर सही त्याचीच असू द्या.