गीतास चित्र देतांना

लोणारच्या सरोवरावर लहान मुलांसाठीं एक चित्रगीत करवून घ्यावें, अशी कल्पना आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील कांहीं शिक्षक मंडळींनीं काढली. वर्गणी जमली, गीत लिहून झालें, आणि एका तरुण ॲनिमेटरास, म्हणजे हलतीं चित्रें रेखाटणाऱ्या चित्रकारास, काम सांगण्याचें ठरलें. सल्ल्यासाठीं आम्हांसही बोलावणें आलें. बैठकींत एकानें लवणासुराची कथा घालावयास सांगितली. दुसऱ्यास उल्कापात हवा होता. तिसऱ्यानें दैत्यसूदनाचें मंदिर सुचविलें. चौथ्याचा आग्रह असा कीं, २०२० च्या जून महिन्यांत सरोवराचें पाणी गुलाबी झालें, तें दाखविल्यावांचून गीत अपुरें राहील. भर म्हणून आम्हींही एक सूचना केलीच! गीत मात्र अवघें तीन मिनिटांचें. चित्रकार बिचारा निमूटपणें सारें टिपून घेत होता.

घरीं परततांना आम्हांस १९७४ सालच्या एका चित्रगीताची आठवण झाली. ‘एक अनेक और एकता’ हें तें चित्रगीत. फिल्म्स डिव्हिजननें प्रकाशित केलेलें आणि पुढें दूरदर्शनवरून घरोघर पोंचलेलें हें गीत आज पन्नाशींत असलेल्या कित्येकांस तोंडपाठ असेल. पण तें कोणी कोणाकडून करवून घेतलें, हें त्यांतल्या फारच थोड्यांस ठाऊक असतें.

त्याचें दिग्दर्शन विजया मुळे यांचें. १९२१ सालीं मुंबईंत जन्मलेल्या या विदुषीनें लीड्स येथें शिक्षणशास्त्राचा अभ्यास केला, आणि शिक्षण व चित्रपट या दोन्ही क्षेत्रांत आयुष्य घालविलें. गीत लिहिलें पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांनीं. ते स्वतः गायक, पलुस्करांच्या परंपरेंतले, आणि दिल्लींतील गांधर्व महाविद्यालयाचे १९३९ पासूनचे संस्थापक. चाल दिली वसंत देसाई यांनीं. कुडाळकडचे हे संगीतकार ‘प्रभात’मध्यें उमेदवारी करून नांवारूपास आले होते, या गीतानंतर, १९७५ च्या डिसेंबरांत, ते निवर्तले. दाभोळची साधना घाणेकर तेव्हां लहान मुलगी होती. तिचा आवाज या गीतास लाभला. तीच पुढें साधना सरगम म्हणून प्रसिद्ध झाली.

आणि चित्रें? तीं भीमसैन यांचीं. आमच्या वाचकांनीं येथें किराणा घराण्याच्या भीमसेनांशीं गल्लत करूं नये! या चित्रकारानें फिल्म्स डिव्हिजनमध्यें उमेदवारी केली. तेथील कार्टून विभागांत १९५६ सालीं डिस्नेच्या चित्रशाळेंतून आलेल्या क्लेअर वीक्स यांनीं आपल्या कलावंतांस या विद्येचे धडे दिले होते. भीमसैन यांनीं लखनौस चित्रकलेबरोबर शास्त्रीय संगीताचाही अभ्यास केला होता. गीतास चित्र द्यावयाचें तर चित्रकारास तालाचा कान हवा, हें उघड आहे.

त्याचें कारण या धंद्याच्या गणितांत आहे. पडद्यावर एका सेकंदांत चोवीस चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटी टिकविलें तरी सेकंदास बारा चित्रें लागतात. तीन मिनिटांस दोन हजार एकशें साठ. म्हणून गीताचें ध्वनिमुद्रण आधीं होतें, कोणतें अक्षर कोणत्या चौकटीवर पडतें हें मांडलें जातें, आणि मग पेन्सिल उचलली जाते. मागाहून तीन सेकंदांची एक ओळ बदलली, तर छत्तीस चित्रें फुकट! आज संगणकामुळें हाताचे कष्ट कमी झाले, हें खरें. परंतु ‘काय दाखवावें’ हा प्रश्न कांहीं संगणक सोडवीत नाहीं.

तो सोडवावयाचा असतो काम सांगणारानें. सुमारें सात मिनिटांच्या त्या चित्रगीतांत सांगितलें आहे तें एवढेंच, कीं एक म्हणजे काय, अनेक म्हणजे काय, आणि अनेकांचें एक झालें म्हणजे काय होतें. त्यासाठीं पंचतंत्रांतील कथा घेतली, ती जाळ्यासकट उडालेल्या पक्ष्यांची आणि जाळें कुरतडणाऱ्या उंदरांची. त्या काळीं देशापुढें सांगण्यासारखें कितीतरी होतें. त्यांतून एकच निवडलें, म्हणून तें मुलांच्या मनांत राहिलें. उत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिकही त्यास मिळालें.

पुढच्या बैठकींत आम्हीं ही हकीकत सांगितली, आणि प्रथम आमची स्वतःची सूचना मागें घेतली. मग उल्कापात ठेवावा कीं लवणासुर, यावर बराच वाद झाला. एक वृद्ध गुरुजी म्हणाले, “कथा गाळली तर मुलांस आपलें सरोवर परकें वाटेल.” त्यांचें म्हणणें आम्हांस खोटें वाटलें नाहीं, आणि आजही वाटत नाहीं. तरी बहुमतानें आकाशांतून पडलेला तो एक पाषाणच राहिला. लवणासुराकरितां दुसरें गीत करावयाचें, असें ठरलें. गुरुजींचें समाधान झालें किंवा नाहीं, कोण जाणे. चित्रकारानें मात्र वहींतील पहिलें पान फाडलें, आणि कोऱ्या पानावर एक मोठें वर्तुळ काढलें.