देवाचा दरबार
रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १९१७ मध्ये सातारा येथे स्थापन केलेला ख्रिस्तशिष्यांचा बंधुसंघ. त्यासाठी त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही येथे शिष्यत्व खुले होते, हे त्या काळी धाडसाचेच. उपासना देशी वळणाची : अभंग, भजन, कीर्तन.

त्याआधी घरात मात्र टिळकांचे धर्मांतर सोपे गेले नव्हते. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. परतल्यावरही सुरुवातीला सोवळे आणि स्वतंत्र चूल त्यांनी सोडली नाही. १९०० मध्ये त्यांचाही बाप्तिस्मा झाला. या संसाराचे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातील चित्रण दरबाराच्या कोणत्याही हकिकतीहून बोलके आहे. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर काव्यही लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केले.