गोरा गरीब कोणत्या बाजूला?

अमेरिकेत वर्णभेदाची चर्चा निघाली की 'गोरेपणाचा विशेषाधिकार' हा शब्दप्रयोग हमखास कानी पडतो. वेलस्ली महाविद्यालयातील अभ्यासक पेगी मॅकिन्टॉश यांच्या १९८८ च्या निबंधानंतर तो विशेष रूढ झाला. कातडीच्या रंगामुळे न मागता मिळणाऱ्या सवलती, असा त्याचा साधा अर्थ. पण ज्या गोऱ्याच्या खिशात घरभाड्याचे पैसे नाहीत, त्याला हे कसे पटवायचे? घोडे पेंड खाते ते इथेच.

आकडेही दुहेरी बोलतात. तेथील दरिद्री लोकांत गोऱ्यांची संख्या कृष्णवर्णीयांहून अधिक आहे; दारिद्र्याचे प्रमाण मात्र कृष्णवर्णीयांत जवळपास दुप्पट. विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांनी १९३५ मध्येच या गुंत्यावर बोट ठेवले होते. गोऱ्या मजुराला तुटपुंज्या वेतनासोबत प्रतिष्ठेची 'मानसिक मजुरी' मिळे, असे त्यांचे प्रतिपादन होते. (मालकाला ती अर्थातच फुकट पडे.)

नुसत्या प्रबोधनाने सहानुभूती वाढते, असेही नाही. मानसशास्त्रज्ञ एरिन कूली व सहकाऱ्यांच्या २०१९ च्या संशोधनात, विशेषाधिकाराविषयी वाचल्यावर उदारमतवाद्यांची गरीब गोऱ्यांविषयीची सहानुभूती घटली. गरीब कृष्णवर्णीयांविषयीची मात्र वाढली नाही.

या पार्श्वभूमीवर १९६९ मधील शिकागोचा प्रयोग लक्षणीय ठरतो. शहराच्या अपटाऊन भागात दक्षिणेकडील डोंगराळ प्रदेशातून पोटासाठी आलेले गोरे राहत. पडकी घरे, भाड्याची चिंता आणि पोलिसांचा जाच त्यांच्या पाचवीला पुजलेला. त्यांच्या 'यंग पेट्रियट्स' संघटनेचे तरुण गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांचा झेंडा अंगावर मिरवीत. अशा वस्तीत ब्लॅक पँथर पक्षाचे बॉब ली गेले आणि झेंड्याऐवजी पोलिसी अत्याचारांपासून बोलणे सुरू केले. पँथरच्या इलिनॉय शाखेचे नेते फ्रेड हॅम्प्टन यांनी पेट्रियट्स आणि पोर्तो रिकन तरुणांची 'यंग लॉर्ड्स' यांना घेऊन 'रेनबो कोअॅलिशन' उभारली. पेट्रियट्सनी गरिबांसाठी दवाखाना चालवला. पुढे तो झेंडाही उतरला. वर्णाचा प्रश्न येथे कोणी गुंडाळून ठेवला नव्हता; प्रत्येक संघटना आपापल्या समाजात स्वतंत्रपणेच काम करीत होती. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांच्या छाप्यात हॅम्प्टन अंथरुणातच मारले गेले. त्यांचे वय होते २१ वर्षे. त्यानंतर आघाडीचा जोर ओसरला.

महाराष्ट्राला हा वाद परका नाही. ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली. तिच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने भूमिहीन, कष्टकरी आणि स्त्रिया यांनाही 'दलित' या व्याख्येत घेतले. आधी जात की आधी वर्ग, याच मुद्द्यावरून १९७४ मध्ये राजा ढाले आणि नामदेव ढसाळ यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.