पिवळे लांडगे: दाचिया किशिनाऊ या क्लबची गोष्ट

हा एपिसोड लिहूनही टाकतोय, कारण आजची नावं मोल्दोव्हातली आहेत. मेट्रोत इयरफोन लावून ऐकताना ती हमखास निसटतात.

28 सप्टेंबर 2021 तुमच्यातल्या फुटबॉलवाल्यांना आठवत असेल. चॅम्पियन्स लीगच्या मॅचमध्ये शेरीफ तिरास्पोल नावाच्या टीमने रेआल माद्रिदला त्यांच्याच घरी 2-1 ने हरवलं. शेवटच्या मिनिटाला सेबास्तियाँ तिलचा तो डाव्या पायाचा गोल. दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच हेडलाईन: छोट्या मोल्दोव्हाची परीकथा. मलाही भारी वाटलं होतं. मग मी मोल्दोव्हाच्या लीगचे जुने टेबल उघडून बसलो (डेटाची खाज, दुसरं काय) आणि ती परीकथा जरा वेगळी दिसायला लागली. आपल्या देशात शेरीफ म्हणजे छोटा गडी नव्हताच, तिथला दादा होता. त्या दादाची सलग दहा वर्षांची सत्ता पहिल्यांदा मोडणारा क्लब आज अस्तित्वातच नाही. त्याचं नाव दाचिया किशिनाऊ.

आधी थोडा भूगोल, त्याशिवाय गंमत कळणार नाही. मोल्दोव्हा म्हणजे रोमानिया आणि युक्रेनच्या मधे चेपलेला देश. राजधानी किशिनाऊ. देशाच्या पूर्वेला नीस्तर नदी, आणि तिच्या काठाने एक चिंचोळी पट्टी आहे, ट्रान्सनिस्ट्रिया. सोव्हिएत संघ कोसळत असताना, 1990 मध्ये, या पट्टीने स्वतःला वेगळं जाहीर केलं. 1992 मध्ये युद्ध झालं, जुलैत युद्धविराम झाला, आणि तेव्हापासून सगळं तसंच गोठून आहे. तिथे वेगळं चलन चालतं, झेंड्यावर विळा-हातोडा आहे, रशियन सैनिक आहेत. फक्त जगाने त्याला देश म्हणून मान्यता दिलेली नाही. तिरास्पोल ही या पट्टीची राजधानी.

आता मेख बघा. युएफाच्या लेखी ट्रान्सनिस्ट्रिया नाही, म्हणून तिरास्पोलची टीम मोल्दोव्हाच्याच लीगमध्ये खेळते आणि युरोपात जाते तीही मोल्दोव्हाच्याच नावाने. ज्या सरकारला तिरास्पोल मानत नाही, त्याच देशाचा चॅम्पियन तिरास्पोलचा! आणि शेरीफ म्हणजे नुसता क्लब नव्हे. 1993 मध्ये तिथल्या सुरक्षा खात्यातून आलेल्या माणसांनी शेरीफ नावाची कंपनी काढली. त्या पट्टीत सुपरमार्केट त्यांचं, पेट्रोल पंप त्यांचे, मोबाईल नेटवर्कही त्यांच्याच घरातलं. म्हणजे तिथला माणूस दूध घेतो, गाडीत तेल भरतो, फोन लावतो, तेव्हा पैसे एकाच गल्ल्यात पडतात. त्या गल्ल्यातून 2002 मध्ये सुमारे 13 हजार प्रेक्षकांचं स्टेडियम उभं राहिलं. 2000-01 पासून 2009-10 पर्यंत लीगचा एकही किताब शेरीफने सोडला नाही. सलग दहा!

त्याआधीचा जमाना राजधानीतल्या झिम्ब्रू या क्लबचा होता. पण तो थकला, आणि शेरीफला अडवणारं किशिनाऊत कोणी उरलं नाही.

अशा वेळी दाचिया आला. स्थापना 1999 ची, म्हणजे शेरीफपेक्षाही लहान. 2002 पर्यंत खालच्या डिव्हिजन ओलांडून तो सर्वोच्च लीगमध्ये पोहोचला. नाव मात्र चांगलंच जुनं निवडलं होतं. दाचिया म्हणजे कार्पेथियन डोंगरांच्या मुलखातलं प्राचीन राज्य. त्याचा राजा देचेबाल इसवी सन 106 मध्ये रोमन सम्राट ट्राजानपुढे हरला. त्या लोकांच्या युद्धनिशाणावर लांडग्याचं तोंड असायचं, म्हणून या क्लबचं टोपणनाव 'पिवळे लांडगे'. रोमानियन भाषा बोलणारे लोक आपलं मूळ तिथे शोधतात. म्हणजे किशिनाऊच्या क्लबने हे नाव घेणं हे आपण कोण आहोत ते सांगणंच होतं. आणि समोर कोण, तर सोव्हिएत पुतळ्यांच्या शहरातला क्लब, ज्याचं नाव अमेरिकन काउबॉय पिक्चरमधून उचलल्यासारखं. असं कोणी स्क्रिप्टमध्ये लिहिलं असतं तर आपण म्हणालो असतो, जरा अतीच होतंय.

2007 च्या उन्हाळ्यात लांडग्यांचं नाव पहिल्यांदा बाहेर गेलं. इंटरटोटो कप नावाची एक स्पर्धा तेव्हा असायची (आता बंद आहे), युएफा कपात शिरायची मागची खिडकी म्हणा. तिथे त्यांनी स्वित्झर्लंडच्या सेंट गालेनला बाहेर काढलं आणि पुढच्या फेरीत जर्मनीच्या हॅम्बुर्गला घरच्या मॅचमध्ये 1-1 असं रोखलं. परतीच्या मॅचमध्ये 4-0 ने धुलाई झाली, ते सोडा.

मग 2010-11 चा सीझन. कोच होते इगोर दोब्रोव्होल्स्की. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये फायनलला ब्राझीलविरुद्ध सोव्हिएत टीमसाठी पेनल्टीवर बरोबरीचा गोल मारणारा हाच माणूस, त्यांना सुवर्णपदक मिळालं होतं. तरुणपणी तो किशिनाऊतच खेळलेला. त्याच्या हाताखाली दाचियाने लीग जिंकली, शेरीफ दुसरा. दहा वर्षं एकच नाव पाहिलेल्या लीगमध्ये शेवटी वेगळं नाव आलं. चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत जॉर्जियाच्या झेस्टापोनीकडे ते पहिल्या मॅचला 3-0 हरले, घरी 2-0 जिंकले आणि एका गोलने बाहेर पडले.

तो एक गोल मला चटका लावून जातो. लीग जिंकली की चॅम्पियन्स लीगच्या पात्रतेत जागा मिळते, आणि तिथे जितक्या फेऱ्या पुढे जाल तितके युएफाचे पैसे वाढतात. मोल्दोव्हासारख्या ठिकाणी तिकीटविक्री आणि टीव्हीतून फारसं काही हाती लागत नाही, त्यामुळे हा पैसा म्हणजे वर्षाचं रेशन. शेरीफ दरवर्षी तिथे जायचा, पैसे आणायचा, बाहेरून खेळाडू घ्यायचा, पुन्हा जिंकायचा. आमच्याकडे याला फीडबॅक लूप म्हणतात. दाचियाला या लूपमध्ये शिरायला एकच संधी मिळाली.

पुढची दोन वर्षं ते शेरीफच्या मागे दुसरे. आणि मग आलं ते त्रिकूट, ज्यासाठी मी हा एपिसोड केला.

2014-15. सीझन संपला तेव्हा मिल्सामी ओर्हेई, दाचिया आणि शेरीफ, तिघांचे सारखेच 55 गुण. आपसातल्या मॅचेसचा हिशोब झाला, चॅम्पियन मिल्सामी, दाचिया दुसरा.

2015-16. या वेळी दाचिया आणि शेरीफ, दोघांचे गुण सारखे. निर्णयासाठी एकच जादा मॅच ठेवली, तिला 'गोल्डन मॅच' म्हणायचे. शेरीफ 1-0.

2016-17. परत दोघांचे गुण सारखे, परत गोल्डन मॅच, परत शेरीफ.

तीन वर्षं सलग गुणांमध्ये कोणीही पुढे नाही, आणि तिन्ही वर्षं ट्रॉफी दुसऱ्याच्या हातात. म्हणून 'शेरीफपुढे कोणाचं काही चालतच नव्हतं' असं कोणी म्हणालं की मी हे तीन टेबल दाखवतो. मैदानात चालत होतं. फरक मैदानाच्या बाहेर होता.

शेरीफच्या मागे अख्खी पट्टी होती. दाचियाच्या मागे मुख्यतः एका माणसाचा, अदलान शिशखानोव्ह या रशियन उद्योजकाचा पैसा होता. हो, प्राचीन दाचियाचं नाव लावलेला क्लब रशियातल्या पैशावर! सॉफ्टवेअरमध्ये याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. एक सर्व्हर बसला की अख्खी सिस्टीम झोपते. शेरीफसारखं पक्कं घरचं मैदान आणि त्याभोवती उभारलेलं संकुलही दाचियाकडे नव्हतं. मालकाचा उत्साह टिकेल तितकंच क्लबचं आयुष्य. मालकाला दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही. इतकी वर्षं खिशातून कोण घालतं? पण प्रश्न असा की त्याच्याशिवाय क्लब जगेल अशी सोय कधी झाली होती का?

2017 मध्ये लीगने वेळापत्रक बदलून वर्षाच्या कॅलेंडरवर आणलं, म्हणून मधे एक छोटा सीझन झाला. तोही शेरीफने जिंकला. 2018 चा सीझन सुरू झाला तेव्हा यादीत दाचियाचं नाव नव्हतं. एकोणीस वर्षांत खेळ खलास.

इथे एक घोळ टाळा. काही वर्षांनी सर्वोच्च लीगमध्ये 'दाचिया बुयुकान' नावाची टीम दिसते, तीही किशिनाऊचीच. बऱ्याच जणांना वाटतं क्लब परत आला. तसं नाही, तो वेगळा क्लब आहे. 2011 ची ट्रॉफी त्याच्या नावावर नाही.

आणि शेरीफ? दाचिया गेल्यावर किताबांची रांग चालूच राहिली, रेआलवाली रात्रही त्यातच आली. ती रांग तुटली 2023-24 मध्ये, हिन्चेश्त या गावच्या पेत्रोकुबने तोडली. पुढच्या वर्षी तर चॅम्पियन मिल्सामी, 2015 ला दाचियाच्या पुढे गेलेले तेच.

पेत्रोकुबवर वेगळा एपिसोड हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या रविवारी.