जलविभाजकाच्या दोन बाजू

बेळगावच्या टिळकवाडीत आषाढात पडलेल्या पावसाचे पाणी पुढे कोठे जाते, हा प्रश्न वरवर पाहता भूगोलाचा आहे. परंतु त्याच्या उत्तरात गोड्या पाण्यातील माशांचा फार जुना इतिहास दडलेला आहे. ते पाणी बळ्ळारी नाल्याने मार्कंडेय नदीला मिळते, मार्कंडेय घटप्रभेला मिळते आणि घटप्रभा कृष्णेला. निपाणीकडील वेदगंगाही दूधगंगेच्या वाटेने कृष्णेतच जाते. म्हणजे या सर्व मुलखाचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरास अर्पण होते. मात्र खानापूर तालुक्यात एक नवल पाहावयास मिळते. कणकुंबीजवळ उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे वळते आणि त्याच तालुक्याच्या रानात जन्मणारी महादयी पश्चिमेकडे धाव घेते, गोव्यात मांडवी हे नाव धारण करते आणि अरबी समुद्रास मिळते. या दोहोंच्या मधला डोंगरमाथा म्हणजेच जलविभाजक. माणूस तो एका दिवसात पायी ओलांडील. माशाला मात्र तो लाखो वर्षांतही ओलांडता येईलच असे नाही.

मग माशाने समुद्राच्या वाटेने वळसा घालून दुसऱ्या नदीत का शिरू नये? याचे उत्तर त्याच्या शरीररचनेत आहे. गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार अधिक असतात. त्यामुळे पाणी सतत त्याच्या अंगात झिरपत राहते. ते जादा पाणी मूत्रावाटे टाकून देणे आणि कल्ल्यांवाटे क्षार शोषून घेणे, हा त्याच्या देहाचा अखंड उद्योग. समुद्रात नेमकी उलटी स्थिती असते. तेथे शरीरातील पाणी बाहेर जाऊ पाहते आणि क्षार आत येऊ पाहतात. वाम किंवा खरपा यांसारख्या काही माशांच्या कुळांत दोन्हीकडे निभाव लागणाऱ्या जाती आहेत. परंतु खडस, कोळस, रोहू यांचे कुळ आणि शिंगटीसारख्या बहुतेक मिशाळ माशांची कुळे यांना खारे पाणी सोसत नाही. या कुळांची एक खूण मोठी मौजेची आहे. त्यांच्या पोटातील हवेची पिशवी लहान लहान हाडांच्या साखळीने कानाशी जोडलेली असते. पाण्यातील बारीक कंप त्या पिशवीत घुमतो आणि कानापर्यंत पोहोचतो. गढूळ पाण्यात, जेथे दृष्टी चालत नाही, तेथे हे श्रवणसामर्थ्य त्यांना उपयोगी पडते.

अशा माशाला समुद्र ही भिंत आणि डोंगर हीही भिंत. त्याचे खोरे हेच त्याचे गोत्र. कधी एका नदीचा उगम झिजत झिजत मागे सरकतो आणि शेजारच्या नदीचा ओढा आपल्याकडे ओढून घेतो. अशा वेळी त्या ओढ्यातील मासेही नव्या खोऱ्यात येतात. एरवी दोन खोऱ्यांतील एकाच पूर्वजाची संतती पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींपासून अलग राहते, दोहोंत बारीकसारीक फरक साठत जातात आणि पुढे त्यांच्या निरनिराळ्या जाती होतात. उत्क्रांतीचे हे कार्य ज्या संथपणे चालते, त्यापुढे राज्यांच्या आणि भाषांच्या सीमा कालच्या म्हणाव्या लागतील.

हा नियम सह्याद्रीपुरताच नाही. उत्तर अमेरिकेच्या नद्यांत व तळ्यांत सनफिश नावाचे एक मत्स्यकुळ आहे. त्यात तीसहून अधिक जाती असून, त्यांतील पुष्कळ जातींत नर आपल्या शेपटीने तळाच्या वाळूत खळगा करतो, मादीने तेथे घातलेल्या अंड्यांना पंखांनी वारा घालतो आणि पहारा देतो. हे कुळ जवळजवळ सर्व रॉकी पर्वताच्या पूर्वेस नांदते. पर्वताच्या पश्चिमेस मूळची अशी एकच जात आहे, तिला सॅक्रामेंटो पर्च म्हणतात. पर्वताने आपल्या आप्तांपासून तोडलेली ही जात लक्षावधी वर्षे एकटी टिकली. पुढे माणसाने पूर्वेकडील सनफिश आणून कॅलिफोर्नियाच्या पाण्यात सोडले, नद्यांचे रूपही पालटले आणि आपल्या मूळ नद्यांतून ही जात जवळजवळ नाहीशी झाली. जी भिंत पर्वताने उभारली, ती माणसाने मासे वाहून नेणाऱ्या एका भांड्याने मोडली.

आपल्याकडे माशांचे निरीक्षण फार प्राचीन आहे. सौंदत्तीचे रट्ट ज्यांचे मांडलिक होते, त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातील 'मत्स्यविनोद' या प्रकरणात समुद्रातील मासे आणि नदीतील मासे, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, थोर आणि लहान, अशी विभागणी केलेली आढळते. कोणता मासा कोणत्या आमिषाला भुलतो हेही सांगितले आहे. प्रसिद्ध मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाचे शास्त्रीय विवेचन केले.

अर्वाचीन काळात दख्खनच्या माशांची पहिली व्यवस्थित नोंद कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी केली. १८२४ साली मुंबई सरकारने त्यांना दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले होते. लोकसंख्या, पिके आणि पर्जन्य यांबरोबर त्यांनी पक्षी आणि मासेही टिपले आणि १८३९ साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढील आपल्या निबंधात चाळीसहून अधिक जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. या कामात त्यांनी जी एक गोष्ट केली, तिचे स्मरण मराठी माणसाने अवश्य ठेवावे. अनेक माशांना शास्त्रीय नाव देताना त्यांनी भीमा आणि मुळा-मुठेच्या काठावरील मच्छीमारांच्या तोंडची नावेच लॅटिन वेषात उचलली. खुद्री, कोलुस, नुक्ता, शिंगटी ही नावे आजही जगभरच्या मत्स्यशास्त्रात चालतात. 'रोहटी' हे तर एका संपूर्ण प्रजातीचे नाव झाले असून त्या प्रजातीतील एकमेव मासा कृष्णा-गोदावरीच्या पाण्याबाहेर मूळचा कोठेही नाही. ज्या मच्छीमारांनी ही नावे सांगितली त्यांची स्वतःची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

साइक्सनंतर फ्रान्सिस डे यांनी १८७५ ते १८७८ या काळात भारतीय माशांवरील आपला सचित्र ग्रंथ सिद्ध केला. विसाव्या शतकात नेल्सन ॲनन्डेल यांनी मुंबई इलाख्यातील लहान ओढ्यांकडे लक्ष वेधले आणि डॉ. होरा यांनी एक मोठे कोडे पुढे मांडले. सह्याद्रीच्या ओढ्यांतील काही मासे हजारो मैल दूर असलेल्या मलाया आणि पूर्व हिमालय येथील माशांचे आप्त दिसतात. मधल्या सपाट प्रदेशात मात्र ते नाहीत, हे कसे? होरा यांचे उत्तर असे की, पूर्वी सातपुडा-विंध्य यांच्या रांगा अधिक सलग आणि अधिक ओल्या असताना हे मासे त्या वाटेने ओढ्या-ओढ्याने पश्चिमेस सरकले. या उपपत्तीवर १९४९ साली मोठा परिसंवाद झाला. पुढे जनुकांच्या परीक्षणाची साधने आली, तेव्हा सर्वच कुळांना ही एक वाट लागू पडत नाही असे आढळले. प्रत्येक कुळाचा प्रवास निराळा आणि निराळ्या काळचा ठरू लागला. गोव्याच्या खाड्यांतील कालुंदर घ्यावा. त्याचे जवळचे आप्त मादागास्कर बेटात आहेत. भारत आणि मादागास्कर एकसंध असतानाचा हा वारसा की नंतरचे सागरी स्थलांतर, याविषयी विद्वानांत अजून एकमत नाही.

या शोधाचा शेवट झाला असे कोणी समजू नये. आंबोलीला हिरण्यकेशीचा उगम आहे. तेथून ही नदी आजरा, गडहिंग्लज असे करीत संकेश्वराजवळून बेळगाव जिल्ह्यात वाहते आणि घटप्रभेला मिळते. उगमापाशी महादेवाचे मंदिर आणि कुंड आहे. त्या कुंडात भाविक पिढ्यान्‌पिढ्या हात-पाय धूत आले. त्याच पाण्यात दगडांच्या फटींत राहणारा एक सोनेरी झाक असलेला लहान मिशाळ मासा शास्त्राला नवा आहे, हे २०२० साली प्रवीणराज जयसिंहन, तेजस ठाकरे आणि शंकर बालसुब्रमणियन यांनी सिद्ध केले. त्याला 'शिस्टुरा हिरण्यकेशी' असे नदीचेच नाव मिळाले. पुढच्याच वर्षी, २०२१ साली, महाराष्ट्र शासनाने ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केली. देवाच्या धाकाने जपलेल्या कुंडाला आता कायद्याचाही आधार मिळाला.

एवढ्याशा जागेला संरक्षण कशासाठी, असे कोणी विचारील. ज्या माशाचा संसार एका उगमाच्या आसपास आहे, त्याला एक साबणाचा फेस किंवा एक परका मासा पुरेसा असतो. परके मासे तर आपणच आणले. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून १९२८ साली गॅम्बुझिया आला. अन्नाची टंचाई दूर व्हावी म्हणून १९५२ साली आफ्रिकेतील तिलापिया आला. त्यालाच आपले लोक चिलापी म्हणतात. त्याचा नरही सनफिशप्रमाणे तळाशी खळगा करतो. मादी मात्र अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते. ज्याची पिल्ले इतकी सुरक्षित, त्याची संख्या तळ्यात वाढायला वेळ लागत नाही. गंगेच्या खोऱ्यातील कटला, रोहू, मृगळ दख्खनच्या जलाशयांत सोडले गेले. त्यांनी पुष्कळांच्या ताटात अन्न वाढले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु कोलुस आणि नुक्ता बाजारात का दिसेनासे झाले, हा प्रश्नही त्याच हिशेबात मांडला पाहिजे.

सर्वांत बोलके उदाहरण खुद्रीचे आहे. हा कृष्णा खोऱ्यातील महसीर. त्याची संख्या घटते आहे असे पाहून १९७० च्या दशकापासून लोणावळ्यात त्याच्या पैदाशीचे काम सुरू झाले. ते काम चिकाटीचे आणि सद्‌हेतूचे होते. त्याचे बीज देशातील अनेक पाण्यांत गेले, तसेच कावेरीतही सोडले गेले. कावेरीत पाठीवर उंच कुबड असलेला स्वतःचा महसीर होता. तो कोणत्या जातीचा, याचा शास्त्रीय निर्णय २०१८ साली लागला. आणि त्या वेळी तो नष्ट होण्याच्या अगदी काठावर येऊन ठेपला होता. त्याच्या जागी नदीत खुद्री वाढला होता. एका खोऱ्यात जो रक्षणीय, तोच दुसऱ्या खोऱ्यात आक्रमक ठरला.

या इतिहासाचा बेळगाव-खानापूरच्या मुलखाशी फार निकटचा संबंध आहे. महादयीच्या कळसा आणि भांडुरा या ओढ्यांचे पाणी मलप्रभेकडे वळविण्याच्या योजनेवरून कर्नाटक आणि गोवा यांच्यात दीर्घकाळ वाद चालला असून, लवादाने २०१८ साली आपला निवाडा दिला. त्या वादात पिण्याचे पाणी, शेती, जंगल आणि मांडवीचे खारेपण यांची चर्चा पुष्कळ झाली. पाण्याबरोबर मासेही जलविभाजक ओलांडतील, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या तोंडी येत नाही. तहान मोठी की मासा मोठा, असा सवाल करून हा विषय संपत नाही. कालव्याच्या तोंडाशी काय असावे, कोणत्या ओढ्यात कोणत्या जाती आहेत, याची मोजदाद पाणी वाहू लागण्यापूर्वी व्हावी, एवढीच शास्त्राची मागणी राहील. साइक्सने दोनशे वर्षांपूर्वी मच्छीमारांना विचारून ती मोजदाद केली होती. मार्कंडेयच्या, हिरण्यकेशीच्या आणि वेदगंगेच्या काठावर जुनी नावे ठाऊक असलेली वृद्ध माणसे अजून आहेत. त्यांना विचारण्याचे काम शाळा-महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना करण्याजोगे आहे. आणि घरातील काचपेटीतला परका मासा कंटाळा आला म्हणून तळ्यात न सोडणे, एवढे तर टिळकवाडीतील कोणत्याही घराला आजपासून करता येईल.