डर्बी हाउसच्या फरशीवरची लढाई

14 डिसेंबर 1941 रोजी जिब्राल्टरहून 32 व्यापारी जहाजांचा एक ताफा इंग्लंडकडे निघाला. ब्रिटिश कागदांत त्याचे नाव ‘एचजी 76’. संरक्षणाची जबाबदारी कमांडर फ्रेडरिक जॉन वॉकर यांच्याकडे होती आणि ते ‘स्टॉर्क’ या जहाजावर होते. आठवडाभर चाललेल्या झुंजीत जर्मनांच्या पाच पाणबुड्या बुडाल्या. व्यापारी जहाजे गेली दोनच. संरक्षकांपैकी ‘स्टॅन्ली’ ही विनाशिका आणि ‘ऑडॅसिटी’ हे छोटे विमानवाहू जहाज मात्र गमवावे लागले. त्या काळातला हा मोठाच विजय. वॉकर यांनी अहवालात आपल्या ‘बटरकप’ या डावपेचाला त्याचे बरेच श्रेय दिले. हल्ला झाला की संरक्षक जहाजांनी ताफ्यापासून बाहेरच्या दिशेने धाव घ्यायची, प्रकाशगोळे उडवायचे, पाणबुडीला बुडी मारायला लावायचे आणि डेप्थ चार्ज टाकायचे, असा तो डाव होता.

या डावाच्या मुळाशी एक गृहीतक होते, ते असे की पाणबुडी ताफ्याच्या बाहेर असते.

ते गृहीतक तपासले गेले ते खडू, चिठ्ठ्या आणि चौकटी आखलेली फरशी घेऊन. जानेवारी 1942 मध्ये लिव्हरपूलच्या डर्बी हाउस या इमारतीत, पश्चिमी सागरी मार्गांच्या मुख्यालयात, एक छोटे पथक सुरू झाले. प्रमुख होते गिल्बर्ट रॉबर्ट्स. 1938 मध्ये क्षयामुळे नौदलाने त्यांना सेवेतून कमी केले होते. त्याआधी पोर्ट्समथच्या डावपेच शाळेत त्यांनी कागदी लढाया खेळल्या आणि शिकवल्या होत्या. त्यांच्या हाताखाली आल्या ‘रेन्स’, म्हणजे महिला नौदल सेवेतल्या तरुणी. जीन लेडलॉ, जॅनेट ओकेल, एलिझाबेथ ड्रेक ही त्यांतली काही नावे. युद्ध संपेपर्यंत एकूण 66 रेन्सनी या पथकात काम केले.

खेळाची मांडणी नीट समजून घ्यावी अशी आहे. फरशीवरच्या लिनोलियमवर चौकटी, 10 इंचांचा एक सागरी मैल. भोवती कॅनव्हासचे आडोसे आणि त्यांना अरुंद फटी. संरक्षक जहाजांचे कप्तान झालेले अधिकारी आडोशामागे उभे राहत. अंधाऱ्या रात्री जहाजावरून जेवढे दिसले असते, तेवढेच त्यांना त्या फटीतून दिसे. प्रत्येक चाल समुद्रावरच्या दोन मिनिटांची. कप्तान हुकूम चिठ्ठीवर लिहून देई आणि रेन्स तो फरशीवर उतरवत. संरक्षक जहाजांचा मार्ग पांढऱ्या खडूने आखला जाई, पाणबुडीचा हिरव्या. हिरवी रेघ फटीतून तिरक्या नजरेने पाहणाऱ्याला दिसत नसे. डाव संपला की आडोसे हटत आणि शत्रू आपल्या किती जवळून निघून गेला, हे त्या अधिकाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसे. आपल्याकडची मुले गणिताच्या वहीत चौकटी आखून एकमेकांच्या लपवलेल्या युद्धनौका शोधतात, त्या खेळाचाही जीव यातच आहे. शत्रूबद्दल जेवढे कळायला हवे त्याहून एक चौकटही जास्त कळता कामा नये.

रॉबर्ट्स यांनी एचजी 76 ची लढाई या फरशीवर पुन्हा मांडली. प्रश्न अडला तो 21 डिसेंबरच्या रात्री बुडालेल्या ‘आन्नावोर’ या नॉर्वेच्या जहाजापाशी. ते ताफ्याच्या आतल्या भागात होते. जर्मन विद्युत पाणतीराचा पल्ला सुमारे 5,000 मीटर. संरक्षकांच्या कड्याबाहेरून, चालत्या जहाजांच्या रांगा ओलांडून नेमके आतले जहाज टिपले गेले, हे पटत नव्हते. पाणबुडीला ताफ्याच्या आत बसवून पाहिले तेव्हा हिशेब जुळला. पण ती आत शिरली कुठून?

इथे थोडे गणित करू. पृष्ठभागावरच्या पाणबुडीचा वेग साधारण 17 नॉट. म्हणजे एका चालीत ती फरशीवर साडेपाच इंचांहून थोडी जास्त सरकते. साडेसात नॉटने चाललेला ताफा तेवढ्या वेळात अडीच इंच जातो. मागून येणारी पाणबुडी दर चालीला तीन इंचांनी जवळ येते. पाण्याखालून हे साधणे शक्यच नाही, तिथे तिचा वेग ताफ्याशी बरोबरी करण्याइतकाही टिकत नाही. शिवाय ॲस्डिक हे ध्वनियंत्र पाण्याखालच्या पाणबुडीसाठी होते. पृष्ठभागावर असलेली पाणबुडी त्याला सापडत नसे. म्हणजे रात्री, पृष्ठभागावरून, मागच्या बाजूने. पाणतीर सोडल्यावर बुडी मारायची आणि ताफा डोक्यावरून निघून जाईपर्यंत खाली थांबायचे. तोवर ‘बटरकप’ने संरक्षक जहाजे बाहेर पांगलेली असणार, जिथे कोणीच नाही तिथे.

यावर पथकाने नवा डाव रचला. ताफा पुढे जाऊ द्यायचा, संरक्षक जहाजांनी मागे येऊन फळी धरायची आणि बुडी मारून बसलेल्या पाणबुडीचा ॲस्डिकने ठरलेल्या रीतीने शोध घ्यायचा. लेडलॉ यांनी त्याचे नाव सुचवले ‘रास्पबेरी’. हिटलरला वेडावून दाखवावे, असा त्यामागचा अर्थ. सरसेनापती सर पर्सी नोबल यांनी हा डाव पाहिला आणि तो ताफ्यांना कळवण्याची व्यवस्था केली. फेब्रुवारी 1942 पासून अधिकाऱ्यांचे आठवड्याचे वर्ग सुरू झाले. युद्ध संपेपर्यंत सुमारे 5,000 अधिकारी त्या फटींमागे उभे राहून गेले.

आता साधने तपासू. मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला बखर आणि अस्सल कागद यांतला फरक नव्याने सांगायला नको. आन्नावोरला बुडवणारी ‘यू-567’ त्याच रात्री ‘डेप्टफर्ड’ या संरक्षक जहाजाच्या डेप्थ चार्जखाली बुडाली. कप्तान एंगेलबर्ट एंड्रास आणि सगळे खलाशी गेले, नोंदवहीही गेली. तेव्हा रॉबर्ट्स यांचे त्या रात्रीबद्दलचे म्हणणे हे अनुमान आहे, साक्ष नव्हे. पण त्याच पद्धतीची साक्ष दुसरीकडे आहे. ऑटो क्रेचमर यांच्या ‘यू-99’ची ऑक्टोबर 1940 ची नोंदवही उपलब्ध आहे. एससी 7 या ताफ्याच्या आत, पृष्ठभागावरून शिरून त्यांनी जहाजे टिपल्याचे तीत दिसते. क्रेचमर मार्च 1941 पासून ब्रिटिशांच्या कैदेत होते. त्याहीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे जर्मन पाणबुडी दलाचे प्रमुख कार्ल डोनिट्झ यांनी 1939 मध्ये छापलेल्या पुस्तकात रात्रीच्या पृष्ठभागावरील हल्ल्याची बाजू उघडपणे मांडली होती.

म्हणून ‘रॉबर्ट्स यांनी जर्मनांचे गुपित शोधले’ असे जे सांगितले जाते, ते मला मान्य नाही. माहिती आधीच होती, ती विखुरलेली होती. फरशीने ती एकत्र आणली आणि तिच्यावरचा उपाय माणसांच्या अंगवळणी पाडला. माझ्या मते हे श्रेय शोधाच्या श्रेयाहून मोठे आहे.

नोव्हेंबर 1942 मध्ये सर मॅक्स हॉर्टन सरसेनापती झाले. पहिल्या महायुद्धात ते स्वतः पाणबुडीचे नामांकित कप्तान होते. ते पाणबुडीच्या बाजूने खेळायला बसले आणि ओकेल यांच्यासमोर लागोपाठ पाच डाव हरले, अशी हकिकत आहे. ही रॉबर्ट्स यांच्या बाजूने आलेली आठवण. तशीच 1945 मधली फ्लेन्सबर्गची. जर्मन पाणबुडी मुख्यालयात भिंतीवर आपलेच छायाचित्र, ‘हा तुमचा शत्रू’ अशा अर्थाच्या ओळीसह, लावलेले आढळल्याचे त्यांनी सांगितले. दोन्ही गोष्टी बखरीच्या खात्यात ठेवाव्यात. ओकेल यांचे कौशल्य मात्र त्यावर अवलंबून नाही. आठवड्यामागून आठवडे तेच डाव फरशीवर आखणाऱ्या या मुलींनी जितक्या लढाया पाहिल्या, तितक्या कोणत्याही कप्तानाच्या वाट्याला आल्या नव्हत्या.

खेळाची खरी परीक्षा समुद्रावर झाली ती मे 1943 मध्ये. ओएनएस 5 या ताफ्याचे संरक्षणप्रमुख पीटर ग्रेटन यांना ऐन लढाईत इंधनाअभावी ताफा सोडावा लागला. सूत्रे ‘टे’ या जहाजावरच्या रॉबर्ट शेरवुड यांच्याकडे आली. ताफ्याची 13 जहाजे बुडाली, पण जर्मनांच्याही किमान सहा पाणबुड्या गेल्या आणि त्यांतल्या बहुतेक 5 मेच्या धुक्याच्या रात्रीच्या सुमारास. धुक्यात पाहणारे डोळे रडारचे होते. आभाळातून विमाने, जर्मन बिनतारी संदेशांचा माग आणि फोडलेली सांकेतिक लिपी यांचाही त्या महिन्यात मोठा वाटा होता. तो नाकारून खेळाला मोठे करणे चुकीचे ठरेल. पण नायक निघून गेल्यावरही एका गटातली जहाजे एका शब्दासरशी आपापल्या जागी जातात, हे यंत्रांनी होत नाही. ते घोटवावे लागते आणि ते लिव्हरपूलच्या त्या फरशीवर घोटवले गेले. मे महिन्यात जर्मनांनी 41 पाणबुड्या गमावल्या. 24 मे रोजी डोनिट्झ यांनी उत्तर अटलांटिकच्या ताफ्यांच्या मार्गावरून पाणबुड्या मागे घेतल्या. ही नोंद त्यांच्याच मुख्यालयाच्या युद्ध-रोजनिशीत आहे.

त्या रोजनिशीचे इंग्रजी भाषांतर आज वाचता येते, पथकाची छायाचित्रे लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियममध्ये आहेत. वाचकांना विनंती आहे की ही कथा नुसती वाचून सोडू नका. आलेखाचा मोठा कागद घ्या, मैलाचे प्रमाण ठरवा, दोन मिनिटांची चाल धरा. पाणबुडी कोणा दुसऱ्याला चालवायला द्या, तिची रेघ स्वतःपासून लपवा आणि तुमच्या वाट्याची संरक्षक जहाजे कुठे उभी करायची ते आधी लिहून ठेवा.